तीन खाचांचं लाकूड

भिंतीला भोकं कोणी पाडायची, या एका प्रश्नावर रविवारची सकाळ साडेसातपासून नऊपर्यंत खर्ची पडली. भोकं पाडायला हवीत, यावर दोघा भावांचं एकमत होतं, आणि घोडक्यांच्या घरात एवढं एकमत म्हणजे पुष्कळच झालं. पण गजाननचं म्हणणं, भिंत आधी आदिनाथनं घातली, तर पहिलं भोक त्यानं पाडावं. आदिनाथचं म्हणणं, माझी भिंत आधीची असेल, पण जाड दादाची आहे, तर जाडीवाल्यानं सुरुवात करावी.

खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होते, कारण तिथं भिंत एक नव्हतीच. वाटणी झाली त्या वर्षी धाकट्यानं घरामागच्या लांब पट्टीच्या मधोमध आपली भिंत घातली. "त्याच्या भिंतीच्या आडोशानं मी राहू का?" असं म्हणून मोठ्यानं महिन्याभरात तिच्या पाठीला पाठ लावून आपली दुसरी घातली. मध्ये बोटभर फट राहिली. त्या फटीत अकरा वर्षांत एक पिंपळाचं रोप तेवढं उगवलं, आणि ते कोणाच्या बाजूचं यावरूनही एकदा चांगलीच जुंपली होती.

त्यांची बहीण रजनी दादाच्या, म्हणजे गजाननच्या, ओट्यावर पिशवी मांडीत घेऊन बसली होती. काल संध्याकाळी ती लेकीला घेऊन अंकुशनगरहून आली, तेव्हापासून तिनं इकडं एक चहा, तिकडं एक चहा, इकडं दोन पोळ्या, तिकडं दोन पोळ्या असा समतोल राखला होता. वाटणीनंतरचं तिचं माहेरपण हे असंच चाले. परत जाताना दर वेळी पोट बिघडलेलं असे, आणि नवरा विचारी, "काय गं, भावांनी एवढा पाहुणचार केला?"

शेवटी रजनीची लेक यशश्रीच उठली. "मामा, माझी दुपारची गाडी आहे. तुमचा निकाल लागेपर्यंत आमची होडी बुडून जाईल," असं म्हणत तिनं शेजारून आणलेलं ड्रिल मशीन उचललं आणि सरळ रेषेत तीन भोकं पाडली. आधी मोठ्या मामाच्या भिंतीत, मग गल्लीतून वळसा घालून लहान मामाच्या भिंतीत. बोट जाईल एवढी भोकं.

"जास्त मोठी करू नको," गजानन म्हणाला.

"एवढी बस झाली," पलीकडून आदिनाथ म्हणाला. हे त्या दिवशीचं दुसरं एकमत.

जुन्या जालन्यात या घराला रस्सीवाले म्हणत. निजामाच्या अमदानीपासून घरामागच्या पट्टीत दोर वळला जाई. दोराचा एक कायदा आहे आणि त्याला कुठल्या कोर्टात स्टे मिळत नाही. जेवढी सरळ जागा, तेवढाच लांब दोर, आणि वळताना तो तिसऱ्या हिश्श्यानं आखडतो ते वेगळंच. पट्टी होती पंच्याहत्तर हात. तिच्यात पन्नास हातांचा एकसंध दोर निघे, आणि तसा दोर अंबड, बदनापूर, भोकरदनपर्यंत दुसऱ्या कोणाकडं मिळत नसे. वाटणीत पट्टीचे साडेसदतीस-साडेसदतीस झाले. तेव्हापासून दोन्ही भाऊ बैलपोळ्यापुरते कासरे आणि दावी वळत आणि बाकी वर्षभर नायलॉनचे बंडल विकत. वाटणीचं भांडण पेटलं होतं ते नायलॉन ठेवायचं की नाही यावरून, हे आता दोघांनाही आठवत नव्हतं.

रजनीला आठवत होतं. हक्कसोड पत्रावर सही करताना तिनं एकच अट घातली होती. मला काही नको, पण पट्टी मोडू नका. दोघा भावांनी माना डोलावल्या. कागद लिहिणारा म्हणाला होता, "बाई, असं काही लिहीत नसतात." त्यानं लिहिलं नाही आणि यांनी पाळलं नाही.

आणि आता ही यशश्री. जालन्यात नळाला पाणी आठवड्यानं येतं, तिथल्या रस्सीवाल्यांच्या भाचीनं समुद्रावर जावं, ही देवाची काय थट्टा असेल ती असो. मालवणकडं काही मंडळी जुन्या पद्धतीची लाकडी शिडाची होडी बांधत होती. खिळा नाही, इंजिन नाही. ती घेऊन समुद्रावर जाणाऱ्या सहा जणांत ही एक. शीड डोलकाठीवर चढवायला दोर हवा तो नायलॉनचा नको, वाखाचा हवा, झाडाच्या तंतूंचा, हातानं वळलेला, आणि मध्ये जोड नसलेला. जोड आला की तो वरच्या कप्पीत अडकतो, आणि वाऱ्यात शीड ना वर ना खाली. त्याच दोरानं आधी निशाण चढवायचं, मग शीड. पोरीनं दोन्ही मामांना एकाच दिवशी फोन केला. चुकून केला की मुद्दाम, ते रजनीनं विचारलं नाही.

"मामा जिवंत असताना भाची बाजारातून दोर आणील का?" गजानन म्हणाला.

"मामा असताना?" आदिनाथही म्हणाला. मग दोघांनी आपापली अर्धी पट्टी मोजली, आणि दोघांच्याही ध्यानात आलं की वाख भिंतीतून आरपार न्यावा लागणार.

रजनीच्या पिशवीत आईचं लाकूड होतं. मुठीएवढं, बाभळीचं, घासून घासून काळं पडलेलं, त्याला तीन बाजूंनी तीन खाचा. दोर वळताना वाखाचे तीन पेड दोन टोकांच्या आकड्यांत अडकवून दोघं जण हातानं फिरकी फिरवत. तिन्ही पेडांना पीळ भरला की आई, म्हणजे उषाबाई, हे लाकूड पेडांच्या मध्ये धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाई, आणि तिच्या पाठीमागं दोर आपोआप वळत येई. मध्ये थांबायचं नाही. "थांबलं की दोराला गळू होतं," ती म्हणे. फिरकीवाल्यांची नजर फिरकीवर. मधून एक बाई चालतेय, हे त्यांच्या ध्यानात राहायचं कारण नव्हतं.

आजही राहिलं नव्हतं. भोकं बोटाएवढी, लाकूड मुठीएवढं, आणि लाकडामागं रजनी. तिचं माप सांगायची गरज नाही. हे लाकूड भिंतीपाशी येऊन अडणार, हे तिला महिन्यापासून ठाऊक होतं. ती कोणाला बोलली नव्हती. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, आज ही भिंत उघडली तर माहेर, नाहीतर पुढच्या सालापासून राखीची दोन पाकिटं पोस्टानं. बावन्नाव्या वर्षी चार चार पोळ्या पचत नाहीत.

ओला वाख भोकांतून ओवून झाला. तिन्ही पेड दादाच्या फिरकीच्या तीन आकड्यांपासून भिंतीतून आरपार आदिनाथच्या फिरकीपर्यंत ताणले गेले. अण्णांची, म्हणजे वडिलांची, साहेबरावांची खुर्ची भिंतीजवळ ठेवली होती. अण्णा एक महिना इकडं, एक महिना तिकडं. दर एक तारखेला चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा पुढच्या दारानं बाहेर काढायचा, गल्लीला वळसा घालून पलीकडच्या दारानं आत न्यायचा. डिसेंबर गजाननकडं होता. डोळ्यांनी त्यांना आता उजेड-अंधाराएवढंच कळे. ते बसले आणि त्यांनी भिंतीतून बाहेर आलेल्या पेडांवर हात ठेवला.

"चला!" गजानन ओरडला.

"मला सांगायला कोण पाह्यजे?" भिंतीपलीकडून आलं, पण फिरकीही फिरायला लागली.

सुमेधावहिनी, गजाननची बायको, पदर खोचून पेडांवर पाणी शिंपडत होत्या. त्या नव्या जालन्यात बियाण्याच्या कंपनीत हिशेबनीस. पलीकडं आदिनाथची दीपमाला, प्राथमिक शाळेतली बाई, त्यामुळं भिंतीवरून बोलायला तिला माइक लागत नसे. जगाच्या लेखी या दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. प्रत्यक्षात रोज सकाळी एकाच रिक्षानं जात आणि संध्याकाळी गल्लीच्या अलीकडं वेगवेगळ्या कोपऱ्यांवर उतरत. रजनीला हे कालच कळलं होतं, दोन्हीकडच्या भाजीला एकच चव लागली तेव्हा.

पाव तास गेला. अर्धा तास गेला. पेड गरागरा फिरत होते. पण पीळ चढेना. दोन वेढे चढत, तीन उतरत. वाख आपला म्हाताऱ्याच्या दाढीसारखा मोकळाच.

"तिकडं कोणी फिरवून राह्यलं का झोपलंय?" गजाननचा आवाज चढला.

दीपमाला स्टुलावर चढली. भिंतीवर तिचं डोकं दिसलं. "भावजींना सांगा, हे घामानं निथळून राह्यलेत. विचारतात, तुमच्याकडंच फिरकी नुसती दाखवायला ठेवलीय का?"

"सुमेधा, त्याला म्हणाव, मी दोर वळत होतो तेव्हा हा चड्डीत..."

"मी न्हाई असलं काही सांगत," सुमेधावहिनी म्हणाल्या. "दीपमाला, त्यांना म्हणाव जरा जोरात फिरवा."

"जोरात? बिलकुल!" पलीकडून आदिनाथ गरजला. फिरकी अशी करकरू लागली की शेजारच्या गच्चीवर माणसं आली. मग इकडं गजाननही पेटला. दोघं बांधलेल्या बैलांसारखे फुरफुरत फिरवत होते आणि मध्ये पेड वेड्यासारखे नाचत होते. पीळ म्हणाल तर शून्य.

रजनीचा जीव खालीवर होत होता. दोरच वळला नाही तर लाकूड पिशवीतून निघणारच नव्हतं. ती अण्णांजवळ जाऊन वाकली. म्हाताऱ्याचा हात पेडांवर होता आणि तोंडावर, कसं सांगावं, बारशाला आल्यासारखं समाधान होतं.

"अण्णा, हाताला काय लागतंय?"

"फिरून राह्यलेत."

"पीळ?"

"पीळ न्हाई."

"तुम्हाला कळलं का असं कशानं होतंय ते?"

"पहिल्या मिनिटालाच कळलं." अण्णांनी आवाज खाली घेतला. "हा उजवा फिरवून राह्यला अन् तो डावा. एक भरतो, दुसरा उतरवतो."

रजनीनं कपाळावर हात मारला. हो की! वेगळा झाल्यावर आदिनाथनं पीळ उलटा केला होता. पोळ्याच्या बाजारात आपला कासरा दादाच्या कासऱ्यात मिसळू नये, गिऱ्हाइकाला लांबूनच कळावं, म्हणून. पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांना ठाऊक होतं, घोडक्यांचा उजवा मोठ्याचा, डावा धाकट्याचा. गजाननला तेवढं ठाऊक नव्हतं, कारण अकरा वर्षांत त्यानं धाकट्याचा दोर हातात धरला नव्हता. आणि अकरा वर्षांच्या सवयीनं आदिनाथचा हात डावाच फिरे. उजव्याची त्याला आठवणही झाली नसेल.

"मंग अण्णा, सांगायचं न्हाई का? अर्धा तास झाला!"

"कशाला सांगू?" अण्णा पेडांवरून हात न काढता म्हणाले. "अकरा वर्षांनी दोघं एका दोराला लागलेत. म्हटलं फिरवू द्यावं जराक."

रजनीला म्हाताऱ्याची माया आली. आणि त्याच वेळी रागही आला. मग तिनं फिरक्या थांबवल्या आणि मोठ्यानं, दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं, सगळं सांगून टाकलं.

शेजारच्या गच्चीवरून हसण्याचा आवाज आला. इकडं गजाननचं तोंड लाल झालं.

"म्हणजे यानं बापजाद्यांचा पीळ बदलला?"

"बापजाद्यांनी भिंत घातली होती का?" पलीकडून आलं.

"भिंत कोणी घातली?"

"दुसरी कोणी घातली?"

"मामा," यशश्री म्हणाली, "कोणीतरी एकानं उलटं फिरवा ना. एवढंच तर आहे."

एवढंच! पोरगी समुद्रात राहून राहून भोळी झाली होती. गजाननचं म्हणणं, थोरल्यानं हात बदलायचा नसतो. आदिनाथचं म्हणणं, माझं गिऱ्हाईक डाव्या पिळावर आहे, उद्या गावभर होईल की दादापुढं नमला. अण्णा म्हणाले, "एकानं नुसतं धरून उभं राहा, दुसरा फिरवील, तरी वळतो दोर. वेळ लागंल, पण वळतो." पण नुसतं धरून उभं राहायला या घरात कोण तयार होणार? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभ अजून धड वळलाही नव्हता.

"मंग जाऊ द्या," रजनी म्हणाली. ती खरंच उठली आणि चपला पायात घालू लागली. "यशे, आवर. बाजारातून घेऊ. जोडाचा असला तर असू दे. अन् दादा, आदि, दोघांनाही सांगते, राखी पोस्टानं येईल. बराबर पोचेल, काळजी नका करू."

यशश्रीनं घड्याळाकडं पाहिलं. साडेअकरा.

मग गजानन भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "एकदा करून बघू. शेवटचं."

"करू," पलीकडून आलं.

फिरक्या पुन्हा सुरू झाल्या. या वेळी कोणी जोरात फिरवत नव्हतं. कोणी ओरडत नव्हतं. रजनी पेडांकडं टक लावून बघत राहिली. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

पीळ नाही!

"आता काय झालं?" सुमेधावहिनी रडकुंडीला आल्या.

रजनी दादाकडं वळली आणि बघतच राहिली. गजानन डावा फिरवत होता. पाठ सगळ्यांकडं केलेली, मान खाली, चोरी करताना पकडला जाईल अशा भीतीनं, पण डावा. सवय नसलेला हात दर फेऱ्याला अडखळत होता.

एक चप्पल पायात, एक तशीच टाकून ती पुढच्या दारानं निघाली, सगळ्या गल्लीला वळसा घालून पलीकडच्या दारानं आत शिरली, दीपमालाला बाजूला सारून मागं पट्टीत गेली. आदिनाथ एकटा उभा होता. त्याचा घामेजलेला हात सावकाश, एकेक फेरा मोजल्यासारखा फिरत होता. उजवा.

रजनी भिंतीला टेकली आणि हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते थांबेना. भांडले तेव्हा दोर वळला नाही, नमले तेव्हाही वळला नाही. असल्या भावांचं करावं तरी काय?

"ताई, काय झालं?" आदिनाथ घाबरला. "मी तर उजवा फिरवून राह्यलोय. गुपचूप. दादाला सांगू नको फक्त."

"अरे येड्या, दादा तिकडं डावा फिरवून राह्यलाय. गुपचूप."

आदिनाथचा हात थांबला. "दादा?" तो म्हणाला. "डावा?" त्यानं कपाळावरचा घाम पुसला, मग डोळेही पुसले, आणि ते एकाच हातानं पुसल्यामुळं घामच पुसला असं म्हणायला जागा राहिली. "मंग मी उजवाच ठेवतो. दादाला म्हणाव, त्यानं आपला..."

"आदि!" रजनी ओरडली. "आता कोणी शहाणपणा करायचा न्हाई! तू तुझा डावा फिरव. तो डावाच फिरवतोय. चल जल्दी!"

दोन मिनिटांत पेड ताठले. पाच मिनिटांत ते तारेसारखे कडक झाले आणि त्यांतून बारीक गुणगुण यायला लागली. पलीकडून अण्णांचा आवाज आला, "भरला! पीळ भरला!" दादाची फिरकी मात्र न थांबता फिरत राहिली. त्याला आता सगळं कळलं असणार.

आदिनाथनं आपल्या टोकाचे तिन्ही पेड एका आकड्यात घेतले. त्याची फिरकी दगड ठेवलेल्या फळीवर होती. दोर आखडेल तशी ती पुढं सरकायची. सगळं तयार झालं, आणि मग तो इकडंतिकडं बघू लागला. "आता मधून कोण..."

रजनीनं पिशवीतून लाकूड काढलं.

"आईचं," तो म्हणाला. त्यानं ते हातात घेतलं नाही, नुसतं बघितलं. मग भिंतीकडं बघितलं. मग ताईकडं. धाकटा असला तरी तो ढ नव्हता. "ताई, तुला हे आधीपासून ठाऊक होतं."

"तुम्हाला कोणाला आठवलं का, मधून कोणीतरी चालतं ते?" रजनी म्हणाली. "फिरव."

लाकूड पेडांत बसवून ती चालू लागली. तीन पेड पुढून तीन खाचांत शिरत होते आणि मागं एक होऊन बाहेर पडत होते. पावलांना आठवत होतं. लहानपणी आईच्या मागं मागं ती ही पट्टी किती वेळा चालली असेल, त्याला गणती नाही. दहा हात. वीस हात. भिंत जवळ येत होती. आदिनाथनं तिला निळा रंग दिला होता, आणि त्यावर दीपमालाच्या शाळेतलं जुनं कॅलेंडर टांगलं होतं.

लाकूड भिंतीवर टेकलं.

"दादा," ती ओरडली, "मी भिंतीपाशी आले!"

"थांबू नको!" पलीकडून गजानन ओरडला.

"थांबू नको, ताई!" मागून आदिनाथ ओरडला.

"मंग काय भिंतीतून जाऊ?"

तेव्हा कुठं त्यांना कळलं. इतक्या वर्षांनी, पन्नाशी ओलांडल्यावर, पेड हातातून निसटायची वेळ आल्यावर. रजनीनं अंगातला सगळा जोर लावून लाकूड धरून ठेवलं होतं. मागं दोर सुटू बघत होता.

"इथंच कापायचा का?" पलीकडून सुमेधावहिनींनी विचारलं. "अर्धा तर झालाय."

"कापायचा असला तर कापा," रजनी म्हणाली. "मला कळू द्या फक्त. माझे हात दुखून राह्यलेत."

पलीकडं काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग गजाननचा आवाज आला, "सुमेधा, तू फिरकी धर. सोडू नको." आणि मग दणका. भिंत हादरली, कॅलेंडर पडलं.

"दादा, माझ्या भिंतीला हात लावायचा न्हाई!" आदिनाथ ओरडला.

"तुझ्या भिंतीला कोण हात लावतंय? माझी पाडून राह्यलो मी!"

"मंग माझी मी पाडीन! दीपमाला, धर हे!" आणि आदिनाथनं कोपऱ्यातली पहार उचलली. यशश्री धावत येऊन पेडांवर ओलं गोणपाट टाकून गेली. दोन्ही भिंतींनी फार वेळ घेतला नाही. दुसऱ्याची भिंत आहेच म्हणून दोघांनीही सिमेंट कमी घातलं होतं. पाचव्या-सहाव्या घावाला इकडच्या विटा ढासळल्या, तिकडच्याही, पिंपळाचं रोप मुळासकट खाली आलं, आणि धुळीतून गजाननचं डोकं दिसलं. दोघा भावांमध्ये वीतभर अंतर होतं. दोघांच्याही हातात पहार होती. लांबून बघणाऱ्याला वेगळंच काही वाटलं असतं.

"सरक," गजानन म्हणाला. "तिला जाऊ दे."

रजनी भगदाडातून वाकून गेली. डोक्यावर माती पडली, साडी विटेला अडकून टरकन फाटली, पण लाकूड सुटलं नाही. ती अण्णांच्या खुर्चीजवळून पुढं गेली, तेव्हा त्यांनी हात लांब करून तिच्या मागचा दोर चाचपला. मागं दीपमाला फिरवत होती, पुढं सुमेधावहिनी. पहिल्यांदाच त्या दोघी सगळ्यांदेखत एक काम करत होत्या, आणि ते इतकं बिनचूक चाललं होतं की पुरुषांपैकी कोणी फिरकी परत मागितली नाही.

दोर भरला एक्कावन्न हात. बरोबर मध्यावर, रजनी भिंतीशी अडली होती तिथं, बारीक गळू राहिलं होतं. यशश्रीनं त्यावरून अंगठा फिरवला. "कप्पीतून जाईल," ती म्हणाली. गजाननला तेवढ्यानं समाधान नव्हतं. तो ते गळू हातानं चोळत बसला. आदिनाथ शेजारी बसून चोळू लागला. दोघं एकच दोर चोळत होते, आणि पीळ डावा होता, याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

दोराची वेटोळी पोत्यात भरली, पोतं रिक्षात टाकलं. रजनी लेकीला स्टेशनवर सोडून आली तेव्हा अण्णा खुर्चीवर नव्हते. महिना संपायला सोळा दिवस बाकी असताना म्हातारा काठी टेकत भगदाडातून पलीकडं गेला होता आणि दीपमालाच्या हातचा चहा पीत बसला होता. यानं वाटणीचा हिशोब बिघडत होता, पण तो कोणी मांडला नाही.

पट्टीत मात्र पुन्हा आवाज चढले होते.

"उद्या हे बुजवून टाकायला पाह्यजे," गजानन म्हणत होता. "कुत्री-मांजरं येतील."

"मंग बुजव ना."

"मी का बुजवू? पहिली भिंत तुझी."

"पण पहिला घाव तुझा! मी तर नंतर हात घातला. बुजवायचं तर तू बुजव."

"मी विटेला हात लावणार न्हाई! वर्ष गेलं तरी न्हाई!"

"मी दहा वर्षं न्हाई लावणार!"

सुमेधावहिनी मध्ये पडायला निघाल्या. रजनीनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. तिनं फाटका पदर सावरला आणि देवघराकडं तोंड करून, जन्मात पहिल्यांदा, मनापासून मागणं मागितलं की देवा, माझ्या भावांचं हे भांडण कधी मिटू देऊ नकोस.